केदारकंठा: चढाईचं सोडा, आधी स्लीपिंग बॅग उजेडात धरून बघा

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा वाटेवरचा गोठलेला जुडा का तालाब वगैरे वगळतो. उंची १२,५०० फूट असली तरी चढाई बेताची आहे. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांना काही अवघड नाही. मला बोलायचंय ते बेस कॅम्पच्या रात्रीबद्दल. हे लिहितानाही डोळे चुरचुरतायत, त्यामुळे भाषा जरा तिखट झाली तर चालवून घ्या.

स्लीपिंग बॅग ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावात भाड्याने घेतली. "माइनस दस की है सर, बेफिकर रहो." लेबलवरही उणे १० छापलेलं. तो आकडा बॅग नवी असतानाचा. शिवाय चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट (आरामात झोप लागेल तो), लिमिट (कशीबशी लागेल तो) आणि एक्स्ट्रीम. दुकानात छाती ठोकून सांगतात तो बहुधा तिसरा. एक्स्ट्रीम म्हणजे हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीर जीवघेणं थंड पडण्याचा, धोका पत्करून सहा तास जेमतेम तग धरता येईल असं तापमान. त्यात झोप धरलेलीच नाही! तुम्ही फक्त कम्फर्टचा आकडा विचारा. दुकानदाराला तो माहीत नसेल तर पुढचं दुकान गाठा.

मध्यरात्री कुडकुडत बॅगेच्या आत हेडटॉर्च लावला. खांद्यापाशी आणि कमरेखाली उजेड सरळ आरपार, नुसते कापडाचे दोन थर. भरण सगळं पायाशी गोळे होऊन बसलेलं. ऊब कापड देत नाही, तंतूंमध्ये अडकलेली हवा देते. सिंथेटिक भरण म्हणजे बारीक, कुरळे पॉलिस्टर तंतू. दरवेळी पिशवीत कोंबलं की ते मुडपतात, काही तुटतात आणि फुगवटा थोडा कमी होतो. मोसमभर रोज नवा गिऱ्हाईक, रोज कोंबाकोंबी. वर घाम आणि आपल्या डोक्याचं खोबरेल, त्याने तंतू एकमेकांना चिकटतात. पिसांची बॅग नीट धुवून वाळवली की बरीचशी परत फुगते. सिंथेटिक धुतल्यावर तेलकटपणा जाऊन थोडी सुधारते, पण मुडपलेले तंतू काही सरळ होत नाहीत.

आणि या बॅगेवर माझ्याकडून वेगळा "धुलाई चार्ज" घेतला. भाडं, अनामत, वर धुलाई. बॅगेचा वास सांगत होता की साबणाशी तिची शेवटची भेट कधी झाली असेल.

सोबतच्या मित्राकडे स्वतःची सिंथेटिक क्विल्ट (दुलईसारखी नुसती वरून पांघरायची) होती, चांगल्या कंपनीची, फारशी न वापरलेली. तोही गारठला. घरी ती वर्षानुवर्षं माळ्यावर त्याच चिमुकल्या पिशवीत आवळून पडलेली. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी, आणि दाब व उष्णता एकत्र आली की पॉलिस्टर चपट्या आकारातच बसतं. वापर नाही म्हणजे झीज नाही, असं इथे चालत नाही.

तेव्हा भाड्याने घेताना बॅग पिशवीतून बाहेर काढायला लावाच. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. झटकून पसरा आणि दहा मिनिटं चहा पिऊन या. तोवर फुगली नाही तर वरही फुगणार नाही. मग बल्बसमोर धरा, खांदे, छाती आणि पाय चिमटीत पकडून बघा. चेन दोनदा लावून बघा. अंगाखालचं भरण वजनाने दबतंच, त्यामुळे खालची मॅट बॅगेइतकीच महत्त्वाची. क्विल्टला तर पाठच नसते, तिथे सगळी भिस्त मॅटवर. दोन बॅगा एकात एक घालणार असाल तर बाहेरची ऐसपैस हवी, नाहीतर आतलीच दबते. नाक बाहेर ठेवून झोपा, श्वासाची वाफ भरणात मुरते. सकाळी ऊन आलं की बॅग उलटी करून अर्धा तास टाका.

स्वतःची असेल तर घरी हँगरला लटकवा किंवा जुन्या सुती चादरीची मोठी पिशवी शिवून त्यात सैल ठेवा. दिवाणात गाद्यांखाली नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, टब किंवा फ्रंट लोड मशीन. फॅब्रिक सॉफ्टनर, ब्लीच, ड्रायक्लीन, इस्त्री, सगळं बंद. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नका, पाण्याच्या वजनाने आतली शिवण फाटते. ड्रायर वापरलात तर सर्वांत कमी तापमानावर. झोपताना अंगात स्वच्छ थर्मल, डोक्याला टोपी, म्हणजे तेल तिकडे लागतं.

माझा निकाल: डिसेंबर-जानेवारीत भाड्याच्या सिंथेटिक बॅगेवर एकट्या विसंबून जाऊ नका. फ्लीसचं लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी, घरून न्या. वजन थोडं वाढतं, पण लाज आणि रात्र दोन्ही वाचतात. माथ्यावरून समोरचं स्वर्गारोहिणी शिखर दिसलं, छान होतं, पण मी जांभया देत होतो.

अनामत रोखीत मागतात, एटीएमचं काम सांकरीच्या वाटेवरच्या पुरोल्यातच उरकून घ्या. बॅग घेताना तिचे फोटो काढा, फाटलेली शिवण आधीच दाखवून ठेवा. नाहीतर परत करताना ती तुमच्याच नावावर लागते.