चार इंची सेंच्युरियन

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक रंगकामात. एका शिफ्टमध्ये अख्ख्या गाडीला लाल मारून बाहेर काढलेली आहे. ओघळ दिसला तर फोरमनच्या आधी मलाच दिसायचा. अशा माणसाला चार इंची रणगाडा रंगवता येईना, हे आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

मुलाने साठीला डबा आणून दिला. आत प्लास्टिकच्या फ्रेमा, त्यांना चिकटलेले बारीक बारीक सुटे भाग आणि एक घडीचा कागद. सेंच्युरियन रणगाडा, प्रमाण १/७२. मुलगा म्हणाला, "बाबा, दिवसभर टीव्हीसमोर बसण्यापेक्षा बरं." १/७२ चा हिशोब सोपा आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे सहा फुटी माणूस इथे एक इंचाचा. खरा सेंच्युरियन ५१ टनांचा आणि ३.३९ मीटर रुंद. माझ्या हातातला ४७ मिलिमीटर. काडेपेटीवर ठेवला तर दोन्ही बाजूंनी लोंबेल एवढा.

सेंच्युरियनच का, याला कारण आहे. आदल्या वर्षी आम्ही नातवाला घेऊन नगरचं रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो होतो. तिथे सेंच्युरियनसमोर मी बराच वेळ उभा होतो. नातवाला तोफेचं आकर्षण, मला पत्र्याचं. टरेट, म्हणजे तोफ बसवलेलं फिरतं डोकं, ओतीव आहे, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नाही, खरखरीत आहे, दगडी पाट्यासारखा. हलच्या, म्हणजे खालच्या धडाच्या, प्लेटा मात्र सपाट, आणि त्यांच्या सांध्यावर वेल्डिंगची जाड वेणी. परत येताना मुलाने गाडीत अरुण खेत्रपालांची गोष्ट सांगितली. पुण्यातच जन्म, १९५० चा. रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे येत होते. खेत्रपालांच्या रणगाड्याला आग लागली, वरून हुकूम आला की गाडी सोडा. त्यांनी रेडिओवर उलट कळवलं की माझी तोफ अजून चालू आहे, मी गाडी सोडणार नाही. वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र. त्या सेंच्युरियनचं नाव होतं 'फामागुस्टा', सायप्रसमधल्या एका बंदराचं. पुढे तो रणगाडा दुरुस्त करून नगरलाच जपून ठेवला. डबा उघडला तेव्हाच मी ठरवलं, करायचा तर फामागुस्टाच करायचा, आणि १६ डिसेंबरच्या आत.

पाडव्याला सुरुवात केली.

किट एका छोट्या परदेशी कंपनीचं होतं. हलचे वरचा आणि खालचा भाग जुळेनात. पुढच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली. फट दिसली की रंगाऱ्याचा हात आपोआप लांबीकडे, म्हणजे फट भरायच्या पुट्टीकडे, जातो. माळ्यावर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लांबीचा डबा होता, एनसी थिनरही होतं. भरली फट, वरून थिनरमध्ये बोट बुडवून गुळगुळीत केली. आयुष्यभर पत्र्यावर हेच केलं होतं. पण हा पत्रा नव्हता, पॉलिस्टायरीन होतं, आणि एनसी थिनर त्याला विरघळवतं. दहा मिनिटांनी उचलून बघतो तर पुढची प्लेट साबुदाण्याच्या खिचडीसारखी मऊ झालेली. मी घाबरून दाबून पाहिलं. अंगठ्याचा ठसा उमटला, अगदी खरेदीखतावर उमटावा तसा, रेघा मोजता येतील असा.

हीने विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. डबा कपाटावर टाकला. तीन आठवडे हात लावला नाही. राग किटचा नव्हता. नवख्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला दुपारच्या डब्यापर्यंत ऐकवली असती.

तीन आठवड्यांनी काढून पाहिलं तर प्लास्टिक पुन्हा दगडासारखं कडक झालेलं. थिनर पूर्ण उडून गेलं की ते आपलं आपण घट्ट होतं, घाई केली तर मात्र घासताना चिघळतं. म्हणजे त्या तीन आठवड्यांच्या रुसव्याने काम केलं होतं. मग लाकडी पट्टीला वॉटर पेपर गुंडाळून आधी ४००, मग ८००, मग १०००. ठसा गेला. त्याबरोबर कडेची वेल्डिंगची वेणीही गेली. ती परत करायची युक्ती मुलाने मोबाइलवर शोधून दिली. रिकाम्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, लवला की दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. केसासारखी तार निघते. ती सांध्यावर चिकटवायची, पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या गोंदाने, ओली करायची आणि ब्लेडच्या टोकाने जवळजवळ दाबत जायचं. दोन इंचांच्या वेणीला माझी एक संध्याकाळ गेली. जमली.

आणि इथेच डोक्यात आलं की नगरचा तो ओतीव टरेट आपल्याला फुकटात मिळालाय. किटमधलं टरेट साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं. मी ताठ केसांचा जुना ब्रश घेतला, केस अर्धे कापले, पातळ सिमेंट लावून पृष्ठभाग जरासा मऊ केला आणि ब्रश उभा धरून टोचत गेलो. ज्या गोष्टीने हल बिघडवला तीच इथे मोजून वापरली. वरचं छत तेवढं सोडलं, कारण खऱ्यावर ते सपाट प्लेटचं, वेल्ड केलेलं आहे. रंग दिल्यावर टरेट पाहिलं आणि नगरच्या मैदानात परत उभा असल्यासारखं वाटलं. सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली जागा अजून तीच आहे.

चाकांबद्दल जास्त सांगत नाही. एका बाजूला सहा, प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे एकूण २४ चकत्या, आणि प्रत्येकीची कड घासायची. तेविसावी चिमट्यातून उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. फ्रीज हलवला, सोफा उलटा केला. शेवटी शर्टाचं बटण मोजलं, ११ मिलिमीटर. चाकही तेवढंच. आतल्या बाजूला लावलं. मी सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही, आणि आता सांगून बसलो.

रंगाला मी जुलैत हात घातला. हा माझा प्रांत, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. स्प्रे गनऐवजी एअरब्रश, ०.३ चं नोझल. पहिले दोन दिवस बादलीने पाणी मारायची सवय असलेल्या माणसाच्या हातात ड्रॉपर दिल्यासारखं झालं, पण हात बसला. ऑलिव्ह हिरवा सुंदर बसला, पातळ, एकही ओघळ नाही. वरून मॅट लॅकरचा, म्हणजे बिनचमकीच्या पारदर्शक वॉर्निशचा, एक हात मारायचा राहिला होता. बाहेर रात्रभर पाऊस पडून गेलेला, खिडकीच्या काचेवर वाफ. मी कॅन उचलला आणि मारला. पाच मिनिटांत अख्खा रणगाडा पांढरा. पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखा.

आता गंमत बघा. हे का होतं ते मी वर्कशॉपमध्ये कित्येक पोरांना शिकवलंय. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर पाणी धरतं आणि ते ओल्या रंगात अडकून पांढरं दिसतं. म्हणून पावसाळ्यात आम्ही थिनरमध्ये रिटार्डर घालायचो, म्हणजे ते सावकाश उडेल. हे पाठ असणारा माणूस सकाळी साडेसातला, पाऊस थांबून पाच मिनिटं झालेली असताना, कॅन हलवत बाल्कनीत उभा होता. फोरमनची आठवण झाली. ते असते तर काही बोलले नसते, नुसते चष्म्यावरून बघितलं असतं.

उघडीप मिळायला अकरा दिवस गेले. एका कोरड्या दुपारी रिटार्डर घातलेल्या पातळ लॅकरचा नुसता धुक्यासारखा एक हात दिला, की आधीचा थर परत ओला व्हावा आणि अडकलेलं पाणी निघून जावं. इथे मात्र जपून. हेच द्रव्य जाड बसलं की पुन्हा खिचडी. पांढरेपणा नव्वद टक्के गेला. मागच्या इंजिन डेकवर थोडा राहिला. ती धूळ आहे असं मी ठरवून टाकलं. लढाईतली गाडी आहे, धूळ असणारच.

दिवाळीत तोफ मोडली.

नातवाला मीच म्हटलं होतं, बघ, हात लावून बघ. त्याने नळी धरून उचलला, तवा दांड्याला धरून उचलावा तसा. कट्. टरेटपाशीच. सात वर्षांचं पोर, तोंड एवढंसं झालं, रडलाही नाही. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर ती रेडिओवरची तोफेची गोष्ट. शेवटपर्यंत जिची तोफ चालू होती त्या गाडीची तोफ आमच्या घरी चकलीच्या ताटाशेजारी पडली. मी त्याला म्हटलं, गाडी सोडायची नाही. त्याला काही कळलं नसावं.

तारेची खीळ घालून तीनदा जोडली. तिन्हीदा तोंड वाकडं. मधोमध भोक पाडायला हात स्थिर लागतो, आणि साठीनंतर सकाळी चहाच्या आधी तो जरा बरा असतो, एवढंच मी म्हणेन. शेवटी प्लास्टिकचा नाद सोडला. कपाटात वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर होता. त्याची लांबवायची एरियल ओढली की एकाहून एक बारीक नळ्या निघतात. वरून दुसरी पाहिली, जाडी बरोबर. छोट्या त्रिकोणी कानशीने फिरवत फिरवत कापली. वर क्रोमचा मुलामा होता, त्यावर रंग धरत नाही, म्हणून ४०० च्या पेपरने पितळ दिसेपर्यंत घासली. सेंच्युरियनच्या २० पौंडी तोफेच्या नळीवर मध्ये एक फुगवटा असतो. गोळा सुटल्यावर नळीतला धूर टरेटमध्ये न येता पुढे ओढला जावा म्हणून. तो मास्किंग टेपची बारीक पट्टी गुंडाळून केला, कडा गोंदाने भिजवून बसवल्या. नवी नळी प्लास्टिकपेक्षा सरळ आणि गोल. दोन अर्ध्यांच्या सांध्याची रेघसुद्धा नाही.

घरात मात्र वाद झाला. ट्रान्झिस्टर मोडला म्हणून. पुणे केंद्र मिडियम वेव्हवर लागतं, त्याला आतली फेराइटची कांडी पुरते, बाहेरच्या एरियलची गरज नाही, हे हिला पटवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या बातम्या लावून ट्रान्झिस्टर ओट्यावर नेऊन ठेवला तेव्हा विषय मिटला. एफएम आता खरखरतं, ते मी सांगितलेलं नाही.

राहिलं नाव. इंग्रजी नऊ अक्षरं आणि खाली जेएक्स २०२ हा नंबर. अक्षराची उंची जेमतेम दीड मिलिमीटर. किटमधल्या स्टिकरमध्ये भारतीय खुणा नव्हत्याच. मुलाने डेकल पेपरवर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या कागदावर, घरच्या प्रिंटरने छापून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. पांढऱ्या कागदावर भोवतालचा हिरवा छापून अक्षरं कोरी सोडली, तर तो हिरवा आणि माझा हिरवा जुळेना. त्यात पाण्यात टाकल्याबरोबर शाई फुटली, वरून लॅकर मारायचं राहून गेलं होतं. हे त्याचं राहिलं, माझं नाही, एवढं समाधान.

मग मी शून्य-शून्य-शून्य नंबरचा ब्रश आणि टेबलाला लावायचं भिंग घेऊन बसलो. बसच्या बाजूला अक्षरं काढताना वाकडं झालेलं अक्षर पुसायचं नसतं, गाडीच्या रंगाने ते बाहेरून कापत आणायचं असतं. इथे सुरुवातच तशी केली. आधी पांढरे जाडे फराटे ओढले, बेढब, लहान मुलाने काढल्यासारखे. दोन दिवस वाळू दिले. मग हिरवा घेऊन अक्षराला हात न लावता त्याच्या भोवतीची जागा भरत गेलो. एम मधली फट, जी चा ओठ, एस च्या दोन पोकळ्या. श्वास सोडायचा, रेघ ओढायची, मग श्वास घ्यायचा. एका बैठकीला एक अक्षर, जास्त नाही. एस ला तीन बैठका. तिन्ही ए एकसारखे आले नाहीत, शेवटचा जरा पाय फाकून उभा आहे.

१६ डिसेंबरला मी टी वर होतो.

संपला तो जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तळाला थोडा रंग उडालेला दिसला म्हणून सकाळी तिथे एक हात मारून ठेवला होता. संध्याकाळी नातू आला. लांबूनच बघत राहिला. मग विचारलं, "आजोबा, कुठे धरू?"

मी म्हटलं, तळाला धर, दोन्ही हातांनी.

तळाचा रंग ओला होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आता खाली त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. तिथे मी पॉलिश पेपर लावलेला नाही.