भिगवणच्या पक्षी-सहलीची तयारी: उजनीची पातळी पाहून ठरणारी तारीख

नोव्हेंबरअखेर

पुण्याहून भिगवणला जाऊन एका दिवसात परतण्याचा बेत आमच्या गटात दर हिवाळ्यात होतो. यंदा मात्र सोयीची सुट्टी पाहून तारीख ठरवायची नाही, तर ज्याच्या काठी भिगवण वसले आहे त्या उजनी धरणाच्या पाण्याची पातळी पाहून ठरवायची, असे आम्ही चौघांनी निश्चित केले आहे. भिगवणला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतो आणि रोहिताला थंडीपेक्षा उथळ पाणी अधिक महत्त्वाचे असते. त्याचे पाय कितीही लांब असले तरी चोच उलटी करून तळातला चिखल गाळायचा, तर पाय टेकतील इतकेच पाणी त्याला हवे असते. धरण काठोकाठ भरलेले असताना डिसेंबरात गेल्यास बदके आणि कुरव भरपूर दिसतात, पण रोहित एक तर आलेले नसतात किंवा दूरवर विखुरलेले असतात.

म्हणून सध्या रोजचा पाणीसाठा वहीत उतरवून घेणे सुरू आहे. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी सुमारे 63 टीएमसी मृत साठा, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खालचे पाणी, आहे. वर्तमानपत्रांत येणारी टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळेच उन्हाळ्यात 'उजनी उणे अमुक टक्के' असे मथळे वाचायला मिळतात. 2024 च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती आणि एरवी पाण्याखाली असणारे पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण पुन्हा पूर्ण भरले. एवढा चढउतार असलेल्या जलाशयावर 'जानेवारीचा दुसरा रविवार उत्तम' असा कायमचा नियम लावता येणार नाही, हे नव्याने येणाऱ्या मित्रांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

भिगवण, डिकसळ आणि कुंभारगाव हा पट्टा जलाशयाच्या वरच्या अंगाला, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या शेपटाकडे येतो. येथे काठ इतका मंद उताराचा आहे की पातळी थोडी उतरली तरी चिखलाचा रुंद पट्टा मोकळा होतो. शेतीसाठी कालव्यांचे आवर्तन सुटले किंवा सोलापूरसाठी नदीत पाणी सोडले, की उतरण्याचा वेग वाढतो. त्यामुळे आवर्तनाची बातमी ही आमच्या दृष्टीने पक्ष्यांचीच बातमी असते. पाणी मागे हटलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करतात आणि त्या ओल्या वाफ्यांत धोबी, शेकाट्या आणि शराटी या पक्ष्यांची चांगली गर्दी होते; नावेत बसण्यापूर्वी तेथे अर्धा तास काढणे कधीही सार्थकी लागते.

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा

कुंभारगावच्या नावाड्याशी फोनवर बोलणे झाले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला हा तरुण आता हिवाळाभर पक्षी दाखवण्याचे काम करतो आणि त्याच्या डोळ्यांवर माझा दुर्बिणीपेक्षा अधिक विश्वास आहे. "दादा, पाणी अजून लई हाय, बदकं आल्यात पण रोहित काठाला आलं न्हाईत, थोडं थांबा," असे त्याने सांगितले. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) आणि चक्रवाक आल्याचेही कळले. डिसेंबरअखेर जाण्याचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका सोबत्याने हे ऐकल्यावर आपली सूचना मागे घेतली.

दरम्यान वेळेचा हिशोब पक्का केला. भिगवण पुण्यापासून साधारण 100 किलोमीटरवर, सोलापूर रस्त्यावर आहे. हडपसर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस आणि कुरकुंभ असा हा सरळ मार्ग असला तरी हंगामात कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमुळे पहाटेचा प्रवास सावधपणे करावा लागतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या अनेक ट्रॅक्टरांना मागे दिवा नसतो आणि धुके असल्यास उसाची मोळी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून पहाटे चार वाजता निघायचे, घाई न करता साडेसहाला कुंभारगावच्या काठावर पोहोचायचे, आणि वाटेत चहासाठी एकदाच थांबायचे, असे ठरले.

या वेळेमागे प्रकाशाचाही विचार आहे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास आग्नेयेकडून वर येतो. कुंभारगाव उजव्या तीरावर असल्याने उत्तरेकडे पाण्याकडे तोंड केले, की ऊन उजव्या खांद्यामागून पडते आणि रोहिताच्या पंखाखालचा गुलाबी रंग उजळ दिसतो. साडेनऊनंतर पाण्यावरची चकाकी वाढते, वारा सुटतो, नाव हलू लागते आणि छायाचित्रणाचा उत्साह तेथेच संपतो. मी स्वतः छायाचित्रकार नाही, परंतु ओळख पटवण्यासाठीही हीच अडीच-तीन तासांची वेळ सर्वांत चांगली असते.

जानेवारीचा पहिला आठवडा

पातळी आता हळूहळू उतरू लागली आहे. साहित्याच्या बाबतीत दोन निर्णय झाले. नावेत 8×42 ची, म्हणजे 8 पटीची, दुर्बीणच न्यायची, कारण 10 पटीची दुर्बीण डुलत्या नावेत डोळ्यांना त्रास देते. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण) मात्र काठावरच्या स्थिर निरीक्षणासाठी घ्यायचा. थापट्या, तलवार बदक आणि भुवई बदक या बदकांचे मिश्र थवे लांब पाण्यावर एकत्र बसतात तेव्हा नरांची ओळख सहज पटते. माद्यांसाठी स्कोपला पर्याय नाही, कारण तेथे थापट्याच्या रुंद चोचीसारख्या बारकाव्यांवरच निर्णय घ्यावा लागतो. पट्टकादंबांच्या मानेकडे आणि पायांकडे मुद्दाम लक्ष द्यायचे आहे. मंगोलियात ओळखपट्ट्या बसवलेले पट्टकादंब भारतात आढळले असल्याने अशी एक पट्टी वाचता आली तरी ती नोंद मोलाची ठरेल.

नावाड्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवले आहे की रोहितांना आमच्यासाठी उडवायचे नाही. उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून नाव थव्यात घालायला लावणारे हौशी लोक दर हिवाळ्यात भेटतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. रोहिताला उडण्यापूर्वी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते. सकाळच्या चरण्याच्या वेळी असे पुन्हापुन्हा धावायला लावणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणे होय. नाव दूर थांबवून स्वस्थ बसले, तर जे पाहायला मिळते ते उडत्या थव्याहून कितीतरी अधिक आहे. रोहित मान खाली घालून डोके जवळपास एका जागी ठेवतो आणि त्याभोवती पाय आपटत सावकाश गोल फिरतो. ढवळलेल्या चिखलाचे गढूळ वलय त्याच्याभोवती तयार होते, आणि चोच त्या गढूळ पाण्यातून अखंड गाळत राहते. शेजारी उभ्या असलेल्या करड्या-तपकिरी पिल्लाचे पाय तोच प्रयत्न करत असतात.

याच गाळाबद्दल एक चिंता लिहून ठेवतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनीत येते. शेवाळ आणि जलपर्णी वाढण्याचे ते मोठे कारण आहे. पक्ष्यांची संख्या नोंदवताना पाण्याचा रंग, वास आणि जलपर्णीचा विस्तारही नोंदवावा, असे आम्ही या वर्षापासून ठरवले आहे.

दुपारच्या भागाबद्दल चर्चा अजून चालू आहे. कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आणि भोवत्या (माळावर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी) पाहण्याची इच्छा सर्वांची आहे, पण तो माळ स्वतंत्र दिवस देण्याच्या योग्यतेचा आहे आणि उन्हात तासभर फेरी मारून त्याला न्याय मिळणार नाही, असे माझे मत आहे. त्याऐवजी चिलापी माशाच्या कालवणाचे जेवण करून भादलवाडी तलावाकडे जावे, तेथील बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांच्या सारंगागारात (घरट्यांच्या वसाहतीत) काय हालचाल आहे ते पाहावे, आणि उजेड असतानाच परतीला लागावे.

आता प्रतीक्षा आहे ती नावाड्याच्या फोनची. रोहित काठाला चरू लागल्याचे त्याने कळवले, की त्या आठवड्यातला बुधवार किंवा गुरुवार धरायचा. शनिवार-रविवार टाळायचे, कारण नावांची गर्दी झाली की थवे पलीकडच्या करमाळ्याच्या तीराकडे सरकतात. दोघांनी कार्यालयात रजेची पूर्वकल्पना देऊन ठेवली आहे आणि उरलेल्या दोघांनी ती याच आठवड्यात द्यावी.