मोटर बरोबर, प्रवाह चूक

दात्याच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढणाऱ्या यंत्राच्या पंपांचं नियंत्रण माझ्याकडे आलं, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. रोलर पंपात फिरते रोलर मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि आतला द्रव ढकलला जातो. रक्ताचा संबंध फक्त नळीशी, आणि ती एकदाच वापरायची. आमच्या नळीतून एका फेऱ्याला 5 मिली, म्हणजे मिनिटाला 12 फेरे झाले की 60 मिली. मोटरच्या शेपटाला फेरे मोजणारा एन्कोडर, त्यावरून वेग मोजायचा आणि पीआयडीने, म्हणजे हव्या आणि खऱ्या वेगातली चूक मोजून, साठवून मोटरला दुरुस्त करत राहणाऱ्या नियंत्रकाने, सांभाळायचा. दोन दिवसांत वेगाची रेघ पडद्यावर पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली.

माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी पाहिलं आणि विचारलं, "मोटर फिरतेय ते कळलं गं. आलं किती?"

मग ग्लिसरीन मिसळलेलं पाणी वजनकाट्यावर घेऊन मोजत बसले, कारण साधं पाणी रक्ताइतकं दाट नसतं. पहिल्या दिवशी वजनाला घनतेने भागायला विसरले आणि पंप जास्त देतोय म्हणून खूश झाले, ते जाऊ दे. हिशेब सुधारल्यावर मोकळ्या नळीत आकडा जुळला. पण बारीक सुई असल्यासारखी पंपाकडे येणारी वाट चिमट्याने आवळली, तर तेच 12 फेरे आणि हातात 51 मिली! पंपाच्या आधी ओढ वाढली की रोलर पुढे गेल्यावर नळी पुन्हा पूर्ण गोल होत नाही. चपटी राहिलेली नळी कमी भरते. एन्कोडरला याचा पत्ताच नसतो.

9 मिलीचं एवढं काय, असं मलाही वाटलं. पण रक्त गोठू नये म्हणून सुईपाशीच सायट्रेट मिसळतात, त्याचा पंप वेगळा. यंत्रात येणाऱ्या दर 10 मिलीत 1 मिली सायट्रेट असं माझं गणित, म्हणून तो पंप 6 मिली देत राहिला. 51 ला 6 म्हणजे प्रमाण साडेआठाला एक. उरलेलं रक्त दात्याला परत जातं तेव्हा हे जादा सायट्रेटही सोबत जातं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि ओठांना मुंग्या येतात.

पंपाआधी दाबाचा सेन्सर होताच. ओढ किती असली की प्रवाह किती घटतो, याचा तक्ता मोजून तयार केला आणि सायट्रेटचा पंप त्या सुधारलेल्या प्रवाहाला बांधला. ओढ मर्यादेपलीकडे गेली की पंप थांबवायचा, हेही घातलं.

इथे मी खरी रडकुंडीला आले. नळी चिमटली, पंप थांबला, चिमटा काढला, तर पंपाने एकदम उसळी घेतली, ओढ वाढली, पुन्हा थांबला. हेच चक्र सुरू. मी मोटरची वीज तोडत होते, पण पीआयडीला ते माहीत नव्हतं. त्याच्या लेखी 12 फेरे येणं बाकी होतं आणि चूक साठत चालली होती. थांबताना ती साठवण शून्य केली, पुन्हा सुरू करताना वेग हळूहळू चढवला, तेव्हा कुठे शांतता.

शेवटच्या चाचणीआधी मॅडमनी मला न सांगता रोटर, म्हणजे रोलर बसवलेला फिरता भाग, मोटरला घट्ट धरणारा स्क्रू सैल केला. मोटर मजेत फिरत होती, पडद्यावर 60 होतं, काट्यावर थेंब नाही. त्याच संध्याकाळी रोटरवर चुंबक आणि समोर चुंबक ओळखणारा वेगळा हॉल सेन्सर बसवला. त्याचे आणि एन्कोडरचे फेरे जुळले नाहीत, तर सगळे पंप एकदम बंद.