दोनशे सोळा कड्या

६ मे

पहाटे साडेचारला उठलो. मी रणगाड्याचं मॉडेल करतोय. त्याच्या पट्ट्यांच्या कड्या रेझिनच्या, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या. सोलापुरात मे महिन्यात रेझिन ओतायचं तर हीच वेळ. दिवसा पारा ४३ च्या पुढे, त्यात माझी खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली. दुपारी हार्डनर घालून ढवळेपर्यंतच कपातलं मिश्रण दह्यासारखं बसतं आणि कप हाताला भाजतो. पहाटे हार्डनर निम्म्यावर आणला की आठ-दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात सहा साचे भरतात. एका साच्यात चार कड्या, म्हणजे एका पहाटे चोवीस.

लागणार आहेत २१६. रणगाड्याच्या एका पट्ट्याला १०८, तशा दोन बाजू. आज पहिल्या चोवीस निघाल्या. सिलिकॉनचा साचा ओढून पहिली कडी तळहातावर घेतली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. तीन आठवडे घासून एकच मूळ कडी केली होती. आता तिच्या चोवीस बहिणी.

रणगाडा सेंच्युरियन, ब्रिटिश बनावटीचा. माप १:१६. खऱ्याचं धड साडेसात मीटरच्या थोडं वर आणि रुंदी ३.३९ मीटर, माझं ४७ सेंटीमीटर लांब, २१ रुंद, शिवाय पुढे आलेली तोफ. खोक्यात मिळणारे रणगाड्यांचे किट बहुतेक १:३५ चे असतात. त्या मापाचे पाच-सहा मी केलेत, पण त्यातला कुठलाही तळहातावर मावतो. हा मला दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा हवा होता. म्हणून सगळा घरीच कापायचा, जुळवायचा.

प्लास्टिक फ्रीजचं आहे. भंगारात निघालेल्या फ्रीजच्या आतलं पांढरं अस्तर. ब्लेडने दोन-तीनदा ओरखडा काढून वाकवलं की काडकन सरळ रेषेत तुटतं, थिनरने चिकटतं, आणि त्याचाच चुरा थिनरमध्ये विरघळवला की फटी बुजवायला लांबी तयार. तीन फ्रीजची दारं संपली आत्तापर्यंत. चाकं मात्र नायलॉनच्या दांड्यातून लेथवर काढून घेतली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. एका बाजूला सहा जोड्या, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून चोवीस चकत्या, साधारण पाच सेंटीमीटर व्यासाच्या. लेथवाल्याने विचारलं, कसली मशीन आहे? रणगाड्याची म्हटल्यावर त्याने कडा दुसऱ्यांदा साफ करून दिल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

११ मे

आज काही ओतलं नाही. रविवारी मुलीने विचारलं होतं, एवढे रणगाडे असताना हाच का? तेव्हा नीट सांगता आलं नाही. इथे लिहून ठेवतो.

सातवीत असताना शाळेची सहल अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला गेली होती. टेंभुर्णी, करमाळा करत एसटीने. रणगाड्यांचं संग्रहालय तेव्हा नवंच होतं, १९९४ साली सुरू झालेलं. सगळी मुलं पॅटन रणगाड्याभोवती, कारण पॅटनचं नाव माहीत होतं. मी फिरत फिरत सेंच्युरियनपाशी आलो आणि चाकाला हात लावला. उन्हात तापलं होतं. वितीने मोजलं, चार विती भरल्या. ते माप त्या वयाच्या विताचं, पण मनात पक्कं बसलं.

पुढे कळलं की ज्या सेंच्युरियनमुळे हे नाव आपल्याकडे घेतलं जातं, तो पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा जेएक्स २०२ नंबरचा, तोही नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. त्याचं नाव ‘फामागुस्ता’. सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. त्यावर होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १९५० चा. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं आणि १६ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, शकरगड भागात बसंतर नदीच्या लढाईत ते गेले. म्हणजे नोकरी उणीपुरी सहा महिन्यांची आणि वय २१. रणगाड्याला गोळा लागला, आग लागली, बाहेर पडायचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे म्हणून ते थांबले आणि मारा करत राहिले. पुढचा गोळा जीवघेणा ठरला. मरणोत्तर परमवीर चक्र.

मी तोच करतोय, जेएक्स २०२. आणि पहिल्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे: कोणत्या वेळेचा? मॉडेल करणारे जाणतात, रणगाडा कुठल्यातरी एका तासाचाच करावा लागतो. चिखल, काजळी, दोऱ्या, डबे, सगळं त्या तासावर ठरतं. गोळा लागायच्या आधीचा की नंतरचा? बहुतेक जण नंतरचाच करतील. दिसायला तो जास्त परिणाम करतो.

१२ मे

आज पाणी आलं, पाच दिवसांनी, रात्री अडीचला. पिंप भरून झाल्यावर एक घमेलं माझ्यासाठी ठेवलं. ओला पॉलिश पेपर पाण्याशिवाय चालत नाही. तेच पाणी निवळून परत वापरतो, वर साय धरते प्लास्टिकची.

वाईट गोष्ट म्हणजे धडाच्या वरच्या पत्र्याला बाक आला. दोन शीट एकावर एक चिकटवून जाडी आणली होती. चूक माझी: थिनर सढळ हाताने लावला आणि तो मध्येच कोंडून राहिला. वाफ जायला जागा नाही, मग दोन-चार दिवसांत प्लास्टिक फुगतं, वाकतं. आतल्या शीटला आधी भोकं पाडून ठेवायला हवी होती. ११ तासांचं काम होतं ते. नवीन कापलं, आतल्या बाजूला ३८ भोकं पाडली, थिनर फक्त कडेने सोडला आणि वर वरवंटा ठेवला. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

२५ मे

तेरा पहाटा, ३१२ कड्या. आणि त्यातल्या ९४ आईने छाट, म्हणजे सदोष म्हणून बाजूला काढल्या.

हे सविस्तर लिहायला हवं. सुरुवातीला आई नुसती शेजारी बसायची. तिसऱ्या दिवशी मी कड्यांच्या कडेचा जादा पापुद्रा ब्लेडने काढत होतो, तर म्हणाली, “दे हिकडं.” तिने विड्यांची जुनी कात्री आणली. पस्तीस वर्षं विड्या वळल्यात तिने. पान भिजवायचं, फरमा ठेवून कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि अशा हजार झाल्या की दिवसाची मजुरी. त्या कात्रीची पाती झिजून निम्मी झालीत, पण रेझिनचा पापुद्रा ती अशी उतरवते की कडीला ओरखडा नाही. मला एका कडीला चार मिनिटं लागायची. तिला एक.

मग तिने निवडायला सुरुवात केली. डोळ्यांनी नाही, सत्तरीत तिला बारीक दिसत नाही. अंगठा फिरवून. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिला तो बोटाला कळतो. ती कडी बाजूला. पहिल्या चोवीसमधल्या नऊ बाजूला पडल्या तेव्हा मी भांडलो. म्हटलं, ही बाजू जमिनीकडे राहणार, कुणाला दिसणार आहे? ती काही बोलली नाही. त्या नऊतली एक घेतली, नख लावलं आणि दाबलं. कडीचा कान तुटून पडला.

कारखान्यात विड्या द्यायला गेली की तिथला माणूस बंडलातून मूठभर काढून बाजूला टाकायचा. छाट. पान फाटलंय, बारीक झालीय, तोंड सुटलंय. त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. लहानपणी मी तिच्याबरोबर रांगेत उभा असायचो. छाट जास्त निघाली तर त्या दिवशी येताना ती गप्प असायची. मी तेव्हा त्या माणसाचा राग करायचो. आईनेही केला असेल, पण ती त्याच्याकडून निवड शिकली आणि आज ती इतकी खरी करते की मी तिच्यासमोर वाद घालू शकत नाही. एक फरक आहे. छाट ती टाकत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवते.

राहिल्या २१८. भोकं पाडताना दोन फुटल्या. बरोबर २१६. १०८ आणि १०८. “माळेसारखं,” आई म्हणाली आणि हात धुऊन आपली जपमाळ घेऊन बसली.

१९ जून

टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, बसला. पोपडे उठल्यासारखा ओतीव पृष्ठभाग कसा आणायचा यात आठ दिवस गेले. खऱ्या सेंच्युरियनच्या टरेटचा मोठा भाग ओतीव पोलादाचा आहे, त्याला हात लावला की टाकी लावलेल्या पाट्यावर हात फिरवल्यासारखं वाटतं. गुळगुळीत प्लास्टिक तिथे खोटं दिसतं. शेवटी थिनरने पृष्ठभाग मऊ केला आणि आखूड कापलेल्या ब्रशने टोचत गेलो, मग वाळल्यावर वरवर घासलं. आता बोट अडखळतं. आईच्या हाताखाली दिलं. “पाट्यागत,” म्हणाली. मी तिला आधी काहीही सांगितलं नव्हतं.

मग विचारलं, “ह्यात माणसं कुठं बसतेत?”

वरचं झाकण काढून दाखवलं. ड्रायव्हर पुढे उजवीकडे, एकटा. टरेटमध्ये तिघं: उजवीकडे तोफ डागणारा गनर, त्याच्या मागे थोडा वर कमांडर, डावीकडे गोळे भरणारा. पन्नास टनांच्या वर वजनाची गाडी, ६५० अश्वशक्तीचं मीटिऑर इंजिन, जे मुळात विमानाच्या मर्लिन इंजिनावरून केलेलं, आणि एवढ्या सगळ्यात माणसांना राहिलेली जागा ही एवढीच. मधोमध तोफेचा मागचा भाग. गोळा सुटला की तो मागे येतो, त्या वाटेत हातसुद्धा ठेवायचा नाही.

आई बराच वेळ आत बघत होती. “आणि त्यो पोरगा?”

मी कमांडरची जागा दाखवली. तिने तिथे बोट घातलं, पण बोट पुरेसं आत जाईना.

बसायच्या जागा मी करणार नव्हतो. झाकण बंद झाल्यावर दिसणार नाहीत. आज रात्री चारही केल्या.

३ जुलै

रंग. याच्यावर मी माणसांशी भांडलोय. नगरला उभा आहे तोच रंग खरा, असं म्हणणारे भेटतात. उघड्यावर उभ्या असलेल्या रणगाड्याला पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो. आज दिसणारा हिरवा १९७१ चा पुरावा होऊ शकत नाही. त्या काळचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. मी गडद ऑलिव्ह हिरव्यात थोडा तपकिरी मिसळला, कारण धूळ बसलेला हिरवा थंडीतल्या कोवळ्या उन्हात तसाच दिसतो. ही माझी निवड आहे, मी ती माझी म्हणूनच सांगेन. आठवडाभर आभाळ भरून होतं. दमट हवेत एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या, रंगावर पांढरट झाक येते. काल ऊन पडलं आणि मी ऑफिसला उशिरा गेलो.

आज संध्याकाळी रंग हाताला लागेनासा झाला. आता तो प्रश्न टाळता येत नव्हता. बारीक ड्रिल काढून ठेवलं होतं, काजळीसाठी काळी पावडर, जळलेल्या रंगासाठी राखाडी. टरेटवर कुठे भोक पाडायचं ते पेन्सिलने आखलं होतं. ड्रिल हातात घेतलं तर आई म्हणाली, “आता काय करायलास?”

सांगितलं. गोळा लागलेली जागा.

ती उठून बसली. “डागच पाडायचा होता तर एवढी छाट कशाला काढाय लावलास मला?”

मी ड्रिल खाली ठेवलं.

रात्रभर तेच डोक्यात. ती रुसून बोलली नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. बुडबुडा असलेली एक कडी चालत नाही म्हणून जिने ९४ बाजूला काढल्या, तिला मी ते धडधाकट पोलाद मुद्दाम फोडायला निघालेलो दिसलो. आणि मलाही पटलं की त्या भोकाबद्दल मला काही माहीत नाही. काजळी किती उठली असेल, रंग कुठवर पोळला असेल, हे मी कलाकुसरीने ठरवणार आणि बघणारे वा म्हणणार. ती एका मुलाच्या मरणाची जागा आहे. चाकाचं माप, कडीचा दात, टरेटचा खरखरीतपणा हे मी हाताने शिकलोय. तेवढं मला करता येतं.

म्हणून १५ डिसेंबरची संध्याकाळ. गाडी चालू आहे, तेल भरलंय, पट्टे ताणलेले आहेत. दोन झाकणं उघडी. आत चौघांच्या जागा आहेत, माणसं नाहीत. कुठेतरी चहा घेत असतील. पेन्सिलची खूण खोडरबराने पुसली. रंगावर बारीकशी चमक राहिली तिथे, ती तशीच ठेवणार आहे.

६ जुलै

पट्टे चढवले. टाचण्यांच्या २१६ खिळ्या, प्रत्येक मापाने तोडलेली. खाली फरशीवर ठेवून आईला म्हटलं, ढकल. तिने एका बोटाने ढकलला. कडीला कडी लागत खर्र खर्र करत तो दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेला, पट्टा वर जरा सैल पडून खाली ताणला जात, खऱ्यासारखा. एकही कडी सुटली नाही. तिने तो परत ओढून आणला आणि पुन्हा ढकलला.

आता किरकोळ कामं. ओढायचा दोर, दिव्यांच्या जाळ्या, नाव, नंबर. आणि जादा कड्या. रणगाड्यावर त्या बांधून नेतात, वाटेत पट्टा तुटला तर लागतात. मी श्रीखंडाचा डबा उघडला. म्हटलं, ह्या ९४ मधल्या तीन घेऊ, नुसत्या वर बांधून ठेवायच्या आहेत, भार काही पडणार नाही.

आईने डबा माझ्या हातातून काढून घेतला.

“अडीनडीला लागणारी वस्तू,” ती म्हणाली, “ती छाटीतली न्यायची व्हय रं?”

७ जुलै

पहाटे पाचला एक कप रेझिन कालवलं. दोनच साचे भरले, आठ कड्या. आता उकाडा नाही, सुटायला तासभर लागला. आईने अंगठा फिरवला. पाच छाट. तीन निघाल्या.