फायटर दारात उभा राहिला!

आज दुपारी दांडिया बाजारात मावशीकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काय रंगलं! म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ. डंजन मास्टर मी, म्हणजे गोष्ट रचणं आणि शत्रू चालवणं माझ्याकडे. आम्ही 2014ची पाचवी आवृत्ती खेळतो. त्यात पाचव्या लेव्हलला जादूगाराला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळतो: सहा बाजूंचे 8 फासे, सरासरी 28 डॅमेज (इजा), तेही 20 फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना. फायटरला, म्हणजे लढवय्याला, त्याच लेव्हलला काय, तर एकाऐवजी दोन वार. म्हणून फायटर घेतलेली मावसबहीण हिरमुसली होती.

मग मी लागोपाठ लढाया लावल्या, मध्ये विश्रांती नाही. जादूगाराकडे फायरबॉलचे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी, त्या विश्रांतीशिवाय परत मिळत नाहीत) दोनच, ते पहिल्याच लढाईत उडाले. पुढे अरुंद दारात तिचा फायटर एकटा उभा, मागे आम्हा सगळ्यांचा आरडाओरडा. तिच्या प्रत्येक फाशाला मावशीसुद्धा स्वयंपाकघरातून डोकावत होती!

डॅमेजचे आकडे सारखे केले म्हणजे सगळ्यांना मजा येते, हे मला अजिबात पटत नाही. आपल्यावाचून सगळ्यांचं अडलंय, असा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवा. तो आणणं माझं काम.

आता बार्डची, म्हणजे गाण्या-बोलण्यात तरबेज पात्राची पाळी. त्याच्यासाठी दरबाराचा प्रसंग लिहायला घेतलाय, तिथे तलवार उपसली की सगळंच फिसकटेल.