फेब्रुवारीतलं गंभीर नाटक

इथे ओहायोत आमच्या छोट्या गावात नाटकाचा सीझन असतो, म्हणजे सप्टेंबरात सुरू आणि मेमध्ये खतम, आणि कोणती नाटकं होणार ती यादी आदल्या सीझनमध्येच छापून तयार. कम्युनिटी थिएटर म्हणतात, आपली हौशी रंगभूमीच समजा. नट दिवसा बँकेत, शाळेत, गॅरेजमध्ये आणि संध्याकाळी तालमीला. पैसे कोणालाच नाही. ऑडिशन मात्र सगळ्यांना खुली.

लोक अख्ख्या सीझनचं तिकीट आधीच काढून ठेवतात. कॉमेडी आणि म्युझिकल हाऊसफुल जातात, त्याच पैशावर गंभीर नाटकं निघतात, म्हणून ती बिचारी येतात जानेवारी-फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. पण सीझन तिकीटवाले आजी-आजोबा काठी टेकत येतातच, पैसे भरले ना बाप्पा, वसूल नको करायला?

यंदा आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' होतं, १९५३ चं नाटक. विषय १६९२ मधले अमेरिकेतल्या सेलम गावचे चेटकिणींचे खटले, ज्यात १९ जणांना फाशी झाली, पण मिलरचा रोख होता स्वतःच्या काळात घरोघरी कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्यांवर. माझ्याकडे प्रॉप्स. विंगेतल्या टेबलावर ब्राऊन पेपर अंथरायचा, प्रत्येक वस्तूभोवती मार्करनं रेघ मारून आत नाव लिहायचं, म्हणजे अंधारातही कळतं काय जागेवर नाही ते. मेणबत्ती, वॉरंटाचा कागद आणि ती चिंध्यांची बाहुली. पोटात सुई खुपसलेली बाहुली घरात सापडते आणि तेवढ्यावरून एका बाईला साखळदंड पडतात. सुई मागच्या रांगेपर्यंत दिसली पाहिजे आणि नटाला टोचायला नको, म्हणून चांगली मोठी दाभण आणून टोक कानशीनं घासलं.

बाकीच्यांसाठी ही सव्वातीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकदा तालमीत सहज म्हटलं की आमच्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला आला, करणीच्या संशयावरून म्हातारीला मारलं अशा बातम्या आम्ही पेपरात वाचतच मोठ्या झालो, तर डायरेक्टरबाईंनी सगळ्यांना खाली बसवून मला ते परत सांगायला लावलं. त्या दिवसापासून कोर्टाच्या सीनमधली ओव्हरॲक्टिंग बरीच कमी झाली.

प्रयोग तीन आठवडे, शुक्रवार-शनिवार-रविवार. प्रत्येक प्रयोगाची रॉयल्टी आधी भरायची, आणि परवानगीशिवाय संहितेतला शब्दही बदलायचा नाही. पहिल्या आठवड्यात नाटक कसंबसं चाललं, दुसऱ्यात खरं उभं राहिलं. आणि इथेच मला आपल्याकडच्या नाटकांचं वाईट वाटतं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी पोरं ऑफिस करून महिना महिना तालमी करतात, नागपुरात सायंटिफिक सभागृहात एक प्रयोग होतो, नंबर नाही लागला की नेपथ्य कोणाच्या तरी गच्चीवर सडत पडतं. दुसरा आठवडा येतच नाही हो! ॲक्टिंगमध्ये आपली पोरं यांच्यापेक्षा चार पावलं पुढेच आहेत, हे मी उगाच गाववाली म्हणून नाही सांगत. आणि प्रेक्षक नाही म्हणाल तर झाडीपट्टीत जाऊन बघा, दिवाळीनंतर वडसा-गडचिरोलीकडे लोक थंडीत तिकीट काढून रात्र-रात्र नाटक बघतात. मग नागपुरातल्या चार ग्रुपनी मिळून चार नाटकांचं एक तिकीट विकून पाहायला काय हरकत आहे? स्पर्धेतलीच नाटकं घ्या, बसलेली आहेत, नेपथ्य तयार आहे.

इथे आता पुढच्या सीझनची नाटकं निवडणं सुरू आहे. मी महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चं इंग्रजी भाषांतर कमिटीला वाचायला दिलं. कमिटीत एक शेतकरी आजोबा आहेत, त्यांना अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर फार आवडला, त्यांच्याकडेही तसाच आहे म्हणे, आणून लावतो म्हणाले. एकाच सेटवर काम भागतं म्हटल्यावर खजिनदार खूश. घोडं अडलंय ते प्रयोगाचे हक्क मिळवण्यावर आणि म्हाताऱ्या पात्रांना नऊवारी कोण नेसवून देणार यावर, त्यातलं दुसरं माझ्याच गळ्यात पडणार असं दिसतंय.