काळजीला वेळ ठरवून द्या

मुलगा बोटीवर कामाला. दोन दिवस मेसेज नाही, तर आईच्या डोळ्यांसमोर वादळापासून इस्पितळापर्यंत सगळं उभं राहतं. मेसेज येतो आणि काळजी उठून घराच्या कागदपत्रांवर जाऊन बसते. हे सहा महिने किंवा अधिक, बहुतेक दिवस चालू असेल, आवरत नसेल, सोबत झोप उडणं, मान-खांदे आखडणं, चिडचिड, थकवा असेल, तर तो चिंताविकार असू शकतो. ‘स्वभावच तसा’ म्हणत लोक वर्षं काढतात.

घरी करण्यासारखा सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे काळजीची ठरलेली वेळ. रोज वीस-तीस मिनिटं, तीच खुर्ची. संध्याकाळी पोदेर (पाववाला) येऊन गेला की बसा, पण तो उशिरा येणारा असेल तर घड्याळच बरं, समजा सहा. झोपण्याआधी नको, पलंगावर तर मुळीच नको. दिवसभरात काळजी आली की वहीत एक ओळ: ‘बोटीचं हवामान’. मग ‘सहाला बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं.

इथेच गफलत होते. विचार पुढे ढकलणं वेगळं आणि दाबणं वेगळं. दाबला की तो दुप्पट जोरानं येतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीस ओळीही होतील, होऊ द्या. दुसरी चूक म्हणजे ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सहाची बैठक बुडवणं. मग उद्या मन ‘सहाला बघू’वर विश्वास ठेवत नाही.

बैठकीत प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: यावर मला काही करता येतं का? ‘छप्पर गळतंय’ असेल तर लिहा, उद्या नऊला सुताराला फोन. ‘बोट बुडाली तर?’ याला उत्तर नाही. ते शोधायचं नाही, ओळ तशीच सोडायची. बऱ्याच ओळी सहापर्यंत शिळ्या झालेल्या असतात.

खरा चोर खात्री करून घेण्याची सवय. ‘लास्ट सीन’ पाहिलं की दहा मिनिटं बरं वाटतं, पुन्हा बोट फोनवर. एकदम बंद करू नका. वीस वेळा बघत असाल तर या आठवड्यात दहा.

आखडलेल्या अंगासाठी मूठ पाच सेकंद आवळा, वीस सेकंद सैल सोडा. मग खांदे, जबडा, पोटऱ्या. श्वास रोखू नका, दुखरा भाग वगळा. शांत असताना सराव केला तरच घाबरल्यावर उपयोगी पडतं. दुपारनंतर चहा कमी. फेणीनं झोप लागते, पण पहाटे तीनला उघडते.

दर दोन आठवड्यांनी जीएडी-7 ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी भरा. एकवीसपैकी दहा किंवा जास्त गुण म्हणजे डॉक्टरांशी बोलायला हवं. सहा आठवडे नेटानं करूनही आकडा हलला नाही, तरीही जाच. धडधड, थरथर असेल तर थायरॉइड तपासून घ्या. चालू असलेली झोपेची गोळी मनानं बंद करू नका. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो. जगणं नको वाटायला लागलं असेल, तर वही बाजूला ठेवून आजच फोन करा.